अक्कांच्या कार्डावर घेतलेलं पुस्तक

सुधीरला माझ्या सगळ्या लबाड्या माहीत आहेत. गॅरेजच्या दाराला गाडी कुणी घासली, त्याच्या आत्यानं दिलेला चहाचा सेट 'आपोआप' कसा फुटला — सगळं. ही एक मात्र नाही. ही कुणालाच नाही. चाळीस वर्षं झाली. आज सकाळी डिशवॉशरमध्ये भांडी लावता लावता एकदम वाटलं — बास. लिहून टाकायचं. आजच का? काही घडलेलं नाही, कुणी काही विचारलेलं नाही. दातात अडकलेलं काहीतरी वर्षानुवर्षं जिभेनं चाचपत राहावं आणि एक दिवस आरशापुढं उभं राहून काढून टाकावं, तसं म्हणा.

तुम्ही मला ओळखत नाही हे फार बरं आहे. ओळखीच्या माणसाला सांगताना मी नक्कीच थोडं स्वतःच्या बाजूनं सांगितलं असतं. आणि माझ्या बाजूनं सांगण्यासारखं यात काही नाही.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहायचो. सुधीर एका मोटार कंपनीत इंजिनियर, मी सव्वीस वर्षांची, घरात. व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, गाडी चालवता येत नव्हती. समोरच्या घरात अनंतराव आणि शैलावहिनी राहायचे, दोघंही डॉक्टर. अनंतराव आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्या वर्षी त्यांनी वाईहून आईला आणलं होतं. सत्तरीच्या, ठेंगण्या, चपळ. गावाकडे सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायला लागलो.

सकाळी साडेसातला दोन्ही घरांतल्या गाड्या निघून जायच्या. मग त्या रस्त्यावर उरायचो आम्ही दोघी — एका घरात अक्का, एका घरात मी — आणि दोन्हीकडे हीटरची घरघर. आठवडाभरात मी रस्ता ओलांडून गेले. अक्कांनी आलं ठेचून चहा केला आणि पहिलंच वाक्य म्हणाल्या, "अगं, तुझ्याशी बोलायला मिळेल म्हणून मी रोज खिडकीत बसते. तू आपली खाली मान घालून पत्रं काढतेस नि आत जातेस."

लायब्ररी आमच्यापासून चालत पंधरा मिनिटांवर होती. मी अक्कांना घेऊन जायला लागले. नऊवारीवर मुलाचा जुना जाड पार्का कोट, पायात बर्फाचे बूट, डोक्याला मफलर — रस्त्यावरच्या गाड्या हळू व्हायच्या. तिथल्या बाईंनी अक्कांना विचारलं, तुमचंही कार्ड करायचं का? अक्कांनी मराठीत सही केली, सावकाश, जोडाक्षर नीट सांभाळून. पासपोर्ट सोडला तर त्यांच्या एकटीच्या नावाचा हा पहिला कागद. ते कार्ड अक्का बटव्यात देवाच्या टाकाशेजारी ठेवायच्या. इंग्रजी त्यांना एक अक्षर येत नव्हतं. त्या कार्डावर पक्ष्यांची, फुलांची, चित्रांची पुस्तकं आणायच्या आणि दिवसभर न्याहाळायच्या.

हे कार्ड लक्षात ठेवा.

मी त्या दिवसांत कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी साहित्याचा एक क्लास लावला होता. सुधीर सोडायला यायचा. तिथं प्रोफेसरांनी एका पुस्तकाबद्दल सांगितलं. इटलीतलं, सहाशे वर्षांपूर्वीचं. शहरात प्लेग पसरतो. सात बायका आणि तीन पुरुष शहर सोडून टेकडीवरच्या एका बागेत जाऊन राहतात, आणि दहा दिवस रोज प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची असं ठरवतात. शंभर गोष्टी. प्रोफेसर मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, यातल्या काही घरी मोठ्यानं वाचू नका. पुस्तकाचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल. आणि खरं सांगू? ते नाव लिहायची मला अजून थोडी भीतीच वाटते.

लायब्ररीत ते सापडलं. वर चित्र — अर्धी चोळी घसरलेली एक बाई आणि तिच्याकडे बघणारा एक साधू. मला ते हवं होतं. पण लायब्ररीतून घरी फोन आला तर? पत्र आलं तर? सुधीर काय म्हणेल, सुधीरचे मित्र काय म्हणतील? त्या वयात हेच डोक्यात असायचं. मी अक्कांना म्हटलं, "अक्का, माझ्या कार्डावर आता जागा नाही. तुमच्यावर घेऊ?"

माझ्या कार्डावर भरपूर जागा होती. अक्कांनी काही न विचारता बटवा सोडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक हातात घेऊन विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, गोष्टी. प्लेगमधल्या. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "प्लेग आम्हालाही होता," त्या म्हणाल्या. त्या लहान असताना घरात उंदीर पडायला लागले की सगळं गाव रानात जायचं, शेतांत झोपड्या घालायचं आणि थंडीचे महिने तिथंच काढायचं. दिवसभर मोठी माणसं काळजीत. मुलांना मात्र मजा, कारण रानात शाळा नाही आणि आया-आत्या सतत गोष्टी सांगायच्या. "मग? आमच्याच गोष्टी आहेत की या," अक्का म्हणाल्या. उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि डाव्या मुठीत तांदळाचे चार दाणे घेऊन आल्या.

कहाणी ऐकायची तर हातात अक्षता धरून. ते मला माहीत होतं, श्रावणात आई आमच्या हातांवर ठेवायची. पण इटलीतल्या लबाड साधूंच्या आणि पळपुट्या नवऱ्यांच्या गोष्टींना अक्षता? मी हसले. अक्का हसल्या नाहीत. "कहाणी ती कहाणी. दाणे धरले की मन पळत नाही. आणि अर्ध्यात उठायचं नाही हां. अर्धी कहाणी टाकून उठलं की ती मागं लागते."

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला फार चांगला हिवाळा होता. हे मला इथं म्हणायचंच आहे. बाहेर गुडघाभर बर्फ, आत आल्याचा चहा. मी इंग्रजीतून वाचायची आणि जमेल तसं मराठीत सांगायची. अक्का डाव्या हाताची मूठ मांडीवर ठेवून 'हं', 'हं' म्हणायच्या. चावट गोष्टी आल्या की मी लाजून आडवळणानं सांगायची, आणि अक्का म्हणायच्या, "नीट सांग गं, लग्न झालंय ना तुझं? असा एक बुवा आमच्या वाईला होता. विहिरीत सापडला शेवटी." आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसायच्या की दाणे सांडायचे. गोष्ट संपली की दाणे देवापुढे ठेवायच्या. दर तीन आठवड्यांनी आम्ही लायब्ररीत जाऊन पुस्तकावर नवा शिक्का मारून आणायचो.

जानेवारीत एका गोष्टीत त्या अडकल्या. एक बाई — तिच्यावर कुणीतरी खोटा आळ घेतो, नवरा तो खरा मानतो, तिला मारायला माणूस पाठवतो. ती त्या माणसाच्या तावडीतून सुटते, पुरुषाचे कपडे घालते आणि एका गलबतावर चढते. इथपर्यंत आलो आणि दारात गाडी वाजली. शैलावहिनी लवकर आल्या होत्या. मी पुस्तक मिटलं. अक्का मूठ न उघडता म्हणाल्या, "उद्या पहिल्यांदा हेच." दाणे त्यांनी रुमालाच्या कोपऱ्यात बांधून ठेवले.

तो उद्या आला नाही. शनिवारी अनंतरावांकडे संक्रांत होती. पंधरा-वीस कुटुंबं, तिळगूळ, खाली बेसमेंटमध्ये पोरांचा दंगा. आणि नेमकं त्याच दुपारच्या टपालात लायब्ररीचं पोस्टकार्ड. गावात आणखी कुणालातरी तेच पुस्तक हवं होतं, तेव्हा ते लवकर परत करावं, अशी विनंती. वर अक्कांचं नाव, खाली पुस्तकाचं.

अनंतरावांनी ते हॉलमध्येच वाचलं आणि त्यांचा चेहरा आधी लाल झाला. मग हसू फुटलं. "अरे, हे बघा! आईच्या नावावर हे पुस्तक! यार, आमच्या हॉस्टेलवर पोरं गादीखाली लपवायची हे!" सगळे जमले. मग ते माझ्याकडे वळले. "नीला, तू जातेस ना तिच्याबरोबर? हे काय प्रकरण आहे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सुधीरसुद्धा.

मी म्हटलं, "मला काय माहीत? त्यांना कव्हर आवडलं असेल. चित्रं बघून उचलतात त्या."

किती सहज निघालं तोंडातून! आधी तयार करून ठेवल्यासारखं. अक्का सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं — रागानं नाही, नुसतं, थोडा वेळ. मग मुलाला म्हणाल्या, "हो. मीच घेतलं. चित्र बरं वाटलं." हॉलभर हशा झाला. शैलावहिनींनी त्यांच्या हातात तिळगुळाची वाटी दिली. सोमवारी अनंतरावांनी हॉस्पिटलला जाताना पुस्तक परत केलं आणि मला फोन करून म्हणाले, आता तिला लायब्ररीत नको नेऊस, लोकांना उगाच विषय मिळतो.

इथपर्यंतचा भित्रेपणा तुम्ही समजून घ्याल कदाचित. पण मी त्यानंतर रस्ता ओलांडला नाही. पुस्तक गेलं म्हणून काय झालं? ती गोष्ट मी पुढं वाचलेली होती, शेवट मला माहीत होता. जाऊन दहा मिनिटांत सांगता आली असती. पण मला त्यांच्यासमोर बसवत नव्हतं. क्लासचा अभ्यास आहे, असं शैलावहिनींना सांगितलं. सकाळी पत्रं काढायला गेले की समोरच्या खिडकीत त्या दिसायच्या. मी खाली मान घालून आत यायची.

आणि आता पुढचं. हे भित्रेपणात बसत नाही, याला दुसरा शब्द आहे. तो तुम्हीच ठरवा.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात मंडळ एक छोटं नाटुकलं करणार होतं — अमेरिकेत आलेली आजी. आजी चष्मा लावून जाडजूड पुस्तक वाचते, मुलगा आला की घाईघाईनं मिटते आणि म्हणते, "पोथी वाचतेय रे." अख्ख्या मंडळाला कळणार होतं कोणाबद्दल आहे ते. आजीचं काम मला दिलं. नीलाला अक्कांची लकब चांगली माहीत आहे, सगळे म्हणाले. अनंतरावच म्हणाले, आईलापण मजा वाटेल. आणि मी — मी हो म्हटलं. नाही म्हटलं तर कुणीतरी का म्हणून विचारेल, एवढंच मनात होतं का? खोटं नाही सांगत, थोडा हुरूपही होता. मला नाटकाची आवड होती आणि तिथं मला पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी करायला सांगितलं होतं.

नऊवारी हवी होती. शैलावहिनींनी अक्कांचीच तपकिरी साडी पाठवली. अक्कांनी इस्त्री करून, घडी घालून, वर पिन लावून दिली होती. कशासाठी ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

शाळेच्या कॅफेटेरियात कार्यक्रम झाला. अक्का पहिल्या रांगेत. त्यांचं चालणं, मान तिरकी करून ऐकणं, पदर तोंडाला लावून हसणं — सगळं मी केलं. लोक खुर्च्यांवरून पडायचे राहिले. टाळ्या! ते हसणं ज्या गोष्टींना त्या हसल्या होत्या त्यांचं होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं, आणि तेच मी दीडशे माणसांना दाखवलं.

नंतर कोटांच्या रांगेत त्या भेटल्या. मी त्यांच्याच साडीत. त्यांनी माझ्या खांद्यावरचा पदर सारखा केला.

"चालणं अगदी माझं केलंस गं," त्या म्हणाल्या. "पण हात उघडा होता. मूठ धरायला विसरलीस."

मी माझा कोट चढवायला लागले.

"साडी धुऊन देऊ नकोस. तशीच दे. मी धुते."

एप्रिलमध्ये त्या परत गेल्या. एअरपोर्टवर सुधीर गेला होता. माझं डोकं दुखत होतं, म्हणजे तसं मी सांगितलं.

वाटलं असेल, संपलं. मलाही वाटलं होतं. तीन वर्षांनी, एका दुपारी, अनंतरावांचा फोन आला. तोपर्यंत मी ड्रायव्हिंग शिकले होते, मुलगी झाली होती, मंडळाची सेक्रेटरीसुद्धा होते. अक्का अंथरुणाला खिळल्या आहेत, गुरुवारी मी इंडियाला निघतोय, असं ते म्हणाले. मग जरा घोटाळले. "नीला, एक विचारू का? फोनवर आई सारखी म्हणते, नीलाला विचार, गलबतावर चढलेल्या त्या बाईचं पुढं काय झालं. कोण गं ही बाई? तुमच्या ओळखीची आहे का कुणी?"

माझ्या हातात फोन. मुलगी झोपलेली. हॉल भरलेला नाही, सुधीर नाही, हसायला कुणी नाही. दोन वाक्यं सांगायची होती. 'अक्कांना सांगा, असं असं झालं.' बस. तीन वर्षं त्या म्हातारीनं रुमालात गाठ मारून ठेवलेली गोष्ट. ती घेऊन अनंतराव विमानात बसले असते.

पण मग ते विचारणार — कुठली गोष्ट, कुठल्या पुस्तकातली?

मी म्हटलं, "नाही हो अनंतराव, मला काहीच कल्पना नाही. वय झालंय ना... होतं असं."

"मलाही तेच वाटलं," ते म्हणाले. "शी इज रॅम्बलिंग."

तर हे आहे. हे. पुस्तक त्यांच्या कार्डावर घातलं, ते एक. त्यांना नाटकात घातलं, ते दुसरं. आणि शेवटी, शुद्धीत असलेल्या, सगळं नीट आठवणाऱ्या बाईला तिच्याच मुलाच्या नजरेत मी भ्रमिष्ट ठरवलं. अनंतराव डोकं भादरून परत आले, तेव्हा त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं, "शेवटपर्यंत विचारत होती. आम्ही म्हणायचो, आहे, बरी आहे ती. पण तिला काही पटेना." मी त्यांना चहा दिला. आलं घालून.

लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, रडू येईल. तसलं काही झालं नाही. नाटुकल्यापर्यंत आले आणि चक्क भूक लागली; उठले, कांदेपोहे केले, ताटलीभर खाल्ले आणि पुन्हा बसले. इतकं हलकं वाटेल हे आधी कुणी सांगितलं असतं तर — तर काय? तरी लिहिलं नसतं. मी स्वतःला ओळखते.

हे मी मंडळाच्या अंकाला पाठवणार आहे. अनंतराव आता पंचाऐंशीच्या घरात आहेत, भिंग घेऊन अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. वाचू देत. सुधीरला आज संध्याकाळी मीच वाचून दाखवीन.

एक राहिलंच. लिहिताना माझ्या डाव्या मुठीत तांदळाचे चार दाणे आहेत. उजव्या हातानं लिहितेय.

अक्का, ती बाई गलबतावरून लांब परदेशात गेली. तिथं पुरुषाच्या वेषातच नोकरी केली, नाव कमावलं. कितीतरी वर्षांनी तिच्यावर आळ घेणारा माणूस तिच्यासमोर आला. तिनं त्याला ओळखलं, त्यानं तिला नाही. तिनं आरडाओरडा केला नाही. नवऱ्यालाही बोलावून घेतलं, आणि भर दरबारात त्या माणसाला त्याच्याच तोंडानं सगळं खोटं कबूल करायला लावलं. मग स्वतःचे कपडे घातले आणि घरी गेली.

एवढीच गोष्ट होती. दाणे देवापुढे ठेवले आहेत.